आई सांगू नको म्हणाली ते

ताई,

आईला दवाखान्यात ठेवलंय. तिचा चष्मा न्यायला घरी आलो होतो, तू बाहेर गेली होतीस. ऑक्सिजन लावलाय, पण डॉक्टर म्हणाले, फार आशा ठेवू नका.

तू मास्क लाव म्हणायचीस, तेव्हा मी "मला काय धाड भरलीय?" म्हणून उडवून लावायचो. खोकत खोकत तिच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचो. मास्क आपल्यापेक्षा समोरच्यासाठी जास्त असतो, आपल्या तोंडातले तुषार त्याच्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून, हे आज डॉक्टरांनी समजावलं.

तू येऊ नकोस, आत कुणालाच सोडत नाहीत.

आत नेताना आई मला म्हणाली, "तुझ्यामुळे झालं हे ताईला सांगू नकोस हं, उगाच चिडेल तुझ्यावर."

म्हणून लिहून ठेवलं. समोर उभं राहून सांगायची माझी छाती झाली नसती.

नन्या