खांद्यावर हात, दोन शब्द

३ मार्च, सोमवार
मालकांनी आत बोलावलं. मला वाटलं, शनिवारी लवंडलेल्या वार्निशच्या डब्याबद्दल विचारतील. त्यांना तो विषय ठाऊक नाही असं दिसलं. मीही उगाच काढला नाही.

हॉटेलची ऑर्डर पक्की झाली. साठ लाकडी खुर्च्या, सगळ्यांना हाताने पॉलिश, महिनाअखेर. सगळी भिस्त आमच्या पॉलिशमास्तरांवर. हे हिंदी बोलणारे गृहस्थ. वयाने माझ्याहून मोठे, मिशा रंगवतात, काम करताना सतत काहीतरी गुणगुणतात आणि स्वभावाने भलतेच मानी. समोरचा वर्कशॉपवाला त्यांच्यावर टपून बसलाय. मालक म्हणाले, मास्तर गेले तर ऑर्डर गेली. तुम्ही सुपरवायझर आहात, अधूनमधून दोन चांगले शब्द बोलत जा त्यांच्याशी. तुमच्या तोंडून मी अजून एकही ऐकला नाही.

हा अन्याय आहे. गेल्या वर्षी मी मास्तरांना ‘ठीक’ म्हटलं होतं. मला स्वच्छ आठवतंय.

ऑर्डर वेळेवर गेली तर मॅनेजरची जागा माझी. शिवाय स्वतंत्र केबिन. काचेची! मात्र केबिनचं एवढ्यात कोणाला कळता कामा नये, असं मालकांनी बजावलंय. मी म्हटलं, माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही.

संकल्प : उद्यापासून मास्तरांना प्रोत्साहन. रोज. आणि त्यांच्याच भाषेत.

४ मार्च, मंगळवार
सगळा दिवस वाक्य निवडण्यात गेला. माझी हिंदी उत्तम आहे. शाळेत हिंदी वक्तृत्वात माझा दुसरा नंबर आला होता. (स्पर्धक तीनच होते, पण तिसरा खरंच चांगला बोलायचा.)

‘शाबाश’ बाद. ते मोठ्यांनी लहानांना म्हणायचं. ‘बहुत बढ़िया’ तर भाजीवालाही म्हणतो. ‘लगे रहिए’ म्हटलं तर मी घाई करतोय असं वाटेल. शेवटी ठरलं : ‘हिम्मत रखिए.’ भारदस्त. आदरार्थी. सीरियलमध्ये घरातला कर्ता पुरुष हे म्हणतो तेव्हा सगळी खोली चिडीचूप होते.

आरशासमोर सराव केला. हात खांद्यावर, आवाज खाली, डोळे क्षणभर मिटायचे, मग एक दीर्घ श्वास. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, कोण गेलं?

हिला व्यवस्थापनातलं काही कळत नाही.

५ मार्च, बुधवार, सकाळी ११
प्रयोग यशस्वी!

मास्तर खुर्चीच्या पाठीला पॉलिशचा दुसरा हात देत होते. गुणगुणणं चालू. मी मागून गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “मास्टरजी, हिम्मत रखिए.” त्यांचा हात जागच्या जागी थांबला. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. विचारलं, सब ठीक है ना साहब? मी मंद हसलो आणि दीर्घ श्वास सोडला.

शब्द थेट काळजाला भिडले. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत गुणगुणले नाहीत. एवढी एकाग्रता मी त्यांच्यात प्रथमच पाहिली.

७ मार्च, शुक्रवार
आता दिवसातून दोनदा. सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी निघताना. निघतानाचं जास्त परिणामकारक. काल मास्तर चप्पल पायात अडकवून पाच मिनिटं तसेच उभे होते.

एकट्याचंच कौतुक केलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल, म्हणून व्याप्ती वाढवली. सुताराला म्हटलं. टेम्पोवाल्याला म्हटलं. पॅकिंगच्या मावशींना म्हटलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विचारायला लागल्या, साहेब, काय झालंय ते सांगा तरी एकदा. मी पुन्हा हिंदीतूनच म्हणालो. मराठीत बोललं की सलगी वाढते.

माणसं प्रेमाच्या दोन शब्दांना किती आसुसलेली असतात! मला आधी का सुचलं नाही? सुचलं असतं, पण वेळ कुठे होता?

१० मार्च, सोमवार
मेहुण्याचा फोन. तो अनेक वर्षं हिंदीभाषकांबरोबर काम करतोय, म्हणून सहज माझ्या प्रयोगाबद्दल सांगितलं. त्याने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, भाऊजी, हे आजारी माणसाला म्हणतात हो. नाहीतर ज्याचं काही बुडालंय त्याला. आमच्याकडे काम बघायचं, आवडलं तर सरळ म्हणायचं, क्या बात है, मज़ा आ गया. बस. आणि तोंड जरा हसरं ठेवा.

‘मज़ा आ गया.’ साठ खुर्च्यांच्या ऑर्डरवर! मेहुण्याच्या हातून आजवर काही मोठं का घडलं नाही, ते समजलं.

हिने फोन घेऊन तिकडच्या खोलीत नेला. दोघं बहीणभाऊ पाऊण तास हसत होते. कशाला, देव जाणे.

१२ मार्च, बुधवार
आज मनात गुदगुल्या. मालक दोन माणसांना घेऊन आले. टेप काढून त्यांनी मागची बाजू मोजली. भिंत मोजली, खिडकी मोजली, वर बघून मान हलवली. म्हणजे माझी केबिन!

सगळे काम थांबवून बघत होते. मालक गेल्यावर मास्तर जवळ आले. ये लोग कौन थे, साहब? आता बजावलेलं होतं ना, सांगायचं नाही म्हणून. मी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, अभी बता नहीं सकता. मग हात खांद्यावर ठेवून आपलं नेहमीचं.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक. माझ्याविषयी इतका आदर!

१४ मार्च, शुक्रवार
वर्कशॉपचं वातावरण पार बदललंय. पूर्वी प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात असायचा. आता सगळे एकत्र उभे राहून हळू आवाजात बोलतात. यालाच टीम म्हणतात. मी जवळ गेलो की गप्प होतात, शिस्तही आली.

सुतार रोज संध्याकाळी आपली हत्यारं घरी घेऊन जायला लागलाय. रंधासुद्धा. अवजारांवर माया असावी तर अशी. मास्तरांनीही त्यांचे ब्रश फडक्यात गुंडाळून नेले.

मावशींनी माझ्याकडे अनुभवाचा दाखला मागितला. फ्रेम करून भिंतीवर लावणार असतील बिचाऱ्या. मी स्वतःच्या हाताने लिहून दिला. ‘कष्टाळू व प्रामाणिक.’ त्या वाचून पुन्हा रडल्या.

काम थोडं हळू झालंय. पण मनं जुळायला वेळ लागतो.

१७ मार्च, सोमवार
मास्तर दुपारनंतर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, मिशा ताज्या रंगवलेल्या. एका नातलगाला भेटायला गेलो होतो म्हणाले. नातलग समोरच्याच वर्कशॉपच्या आसपास राहत असावा, कारण ते त्या गेटमधून बाहेर पडताना मला दिसले.

पण बदल बघा. जो माणूस डागाळलेल्या बनियनवर काम करायचा, तो टापटीप राहायला लागला. प्रोत्साहनाने स्वाभिमान जागा होतो, तो असा.

हिने रात्री जेवताना विचारलं, मास्तर अजून गुणगुणतात का? मी म्हटलं, छे, सोडलं त्यांनी. तर म्हणाली, अहो, त्यांच्या खुर्च्यांकडे एकदा तरी नीट बघितलंत का? मी म्हटलं, खुर्च्यांकडे बघायला मास्तर आहेत. मी माणसांकडे बघतो.

हे वाक्य चांगलं झालं. केबिनमध्ये लावता येईल.

१९ मार्च, बुधवार
हृद्य प्रसंग. मास्तर स्वतः चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. समोर बसले. मग विचारलं, साहब, आपका क्या होगा? आपने अपने लिए कुछ देखा?

एवढा आपलेपणा! मला भरून आलं, खरंच आलं. इतक्या वर्षांत या वर्कशॉपमध्ये मला कोणी असं विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, कोणीच नाही. मी म्हटलं, माझं सगळं ठरलंय, काळजी करू नका. त्यांना फार बरं वाटलं. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आपने सबसे पहले बताया साहब, कभी नहीं भूलूँगा, म्हणाले.

काय पहिल्यांदा सांगितलं ते कळलं नाही. पण अशा वेळी विचारू नये.

२१ मार्च, शुक्रवार, सकाळी १०
मास्तर आले नाहीत. सुतारही नाही. टेम्पोवाला फोन उचलत नाही.

वाहतूक तुंबली असेल.

त्याच दिवशी, दुपारी १
वाहतूक सुरळीत आहे. मी रस्त्यावर जाऊन पाहिलं. समोरच्या वर्कशॉपमधून गुणगुणण्याचा आवाज येत होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
मालक आले. तीसेक खुर्च्या कोऱ्याच उभ्या होत्या. मालकांचा पारा चढला. मी सांगितलं की मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं. मग त्यांनी मावशींना विचारलं. मावशी फक्त पिशवी घ्यायला आल्या होत्या, तरी त्यांनी घडाघडा सगळं सांगितलं. साहेब रोज कानाशी येऊन धीर देत होते. मग मोजायला माणसं आली. साहेब म्हणाले, सांगता येत नाही. जागा विकली हे लहान पोरालाही कळलं असतं.

मालक मटकन खुर्चीवर बसले. पॉलिश न झालेल्या.

मी त्यांना शब्दांमागचा विचार समजावून द्यायला लागलो. शाबाश का बाद केलं, बढ़िया का नको, सगळं क्रमाने. त्यांनी हात वर केला. मी थांबलो.

२२ मार्च, शनिवार
मालकांनी माझ्यासमोर मास्तरांना फोन लावला. स्पीकरवर. जागा विकलेली नाही, परत या, असं सांगितलं. मास्तर म्हणाले, आता समोर शब्द दिलाय, शब्द मोडणार नाही. आणि म्हणाले, हमारे साहब को कुछ मत कहिए, उन्हीं में इतना दिल था कि हमें पहले से बता दिया.

म्हणजे मालकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, माझ्यात दिल आहे. याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. मालकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी वार्निशच्या डब्याबद्दलही आपणहून सांगून टाकलं.

मावशींना परत बोलावलंय. केबिन रद्द. त्या जागी कोऱ्या खुर्च्या रचल्यात.

२५ मार्च, मंगळवार
नवीन जबाबदारी. बाहेरून तात्पुरता एक पॉलिशवाला मिळालाय, पण लाकूड घासून द्यायला माणूस नाही. मालकांनी पॉलिश पेपरचा गठ्ठा माझ्या हातात दिला. ऑर्डर जाईपर्यंत तोंड बंद, हात चालू, असं म्हणाले.

मी हे तळागाळाचा अनुभव म्हणून बघतो. मोठमोठे मॅनेजर खालूनच वर येतात. मी मधून खाली आलोय, तेव्हा मला रस्ता दोन्ही बाजूंनी माहीत असेल.

संकल्प : दिवसाला सहा खुर्च्या.

२६ मार्च, बुधवार
एक खुर्ची. तीही पूर्ण नाही. पायांच्या आतली बाजू राहिली. पेपर लाकडाच्या रेषेच्या उलट चालवला म्हणून पॉलिशवाल्याने दुपारी ती परत केली. बोटं सोलली आहेत. पेन धरवत नाही, म्हणून थोडक्यात.

२८ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी ५
आज एक खुर्ची झाली. पूर्ण. आतल्या बाजूंसकट.

हात फिरवला तर कुठेच अडकत नव्हता. तीन वेळा फिरवला. मला वाटलं नव्हतं असं काही माझ्या हातून होईल. मी ती उचलून दाराजवळ उजेडात नेऊन ठेवली, येताजाता दिसेल अशी. मालक दोनदा बाजूने गेले, फोनवर होते. पॉलिशवाला ती उचलून घेऊन गेला, पुढची घ्या म्हणाला. मावशी समोरच पुठ्ठे बांधत होत्या, त्यांच्याकडे बघून मी जरा खोकलो. त्यांनी पाण्याची बाटली सरकवली.

पाणी प्यायलो. पुढची घेतली.

काहीही चाललं असतं मला. मज़ा आ गयासुद्धा.