पिनांची डबी

तोइवोला, मिशिगन
८ डिसेंबर १९८४

चि. उर्हो भावजींस,
हिल्माचे अनेक आशीर्वाद.

तुमचा संत्र्यांचा खोका पोचला. निम्मी गोठून दगड झाली होती, पण मुरंबा झकास झाला. इकडे बर्फ खिडकीला टेकलाय. तुम्ही फ्लोरिडात अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून हिंडत असाल. हिंडा, दुसरं काय.

रेमंड नाताळला येतोय. तुमचा पुतण्या हट्टात बापाच्या वरताण. म्हणतो, आई, मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंतची वाट मोकळी दिसली तर राहा, नाहीतर सामान बांध आणि डेट्रॉइटला चल. मार्चमध्ये सरोवरावरचा बर्फ फुटून तुमचा दादा वाइनो खाली गेला, त्याचा देहसुद्धा हाती लागला नाही. नवऱ्याला त्या पाण्यात टाकून मी शहरात जाऊन बसू? माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून त्याचा बागेतला ट्रॅक्टर मीच चालवते. पण पुढे जोडलेलं बर्फ उडवायचं यंत्र जमीन खरवडतं, आत खडी अडकते आणि पात्याची पिन तुटते. त्याच्या जादा पिनांची निळी डबी शोधून थकले. शेवटी गोठ्यातला एक दणकट बोल्ट ठोकून बसवला. आता काही तुटत नाही. बरं केलं ना? कळवा.

तुमची,
हिल्मा वहिनी


लेक वर्थ, फ्लोरिडा
१४ डिसेंबर

ती. हिल्मा वहिनींस,
उर्होचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. तो बोल्ट आधी काढा. पिन मऊ ठेवतात ती तुटावी म्हणूनच. ती तुटते म्हणून आतला गिअर वाचतो. बोल्ट तुटणार नाही, मग यंत्रच तुटेल, आणि रेमंड सामान बांधायला मोकळा.

आता खरवडण्याचं. यंत्राच्या दोन्ही कडांना जमिनीवरून घसरणारे लोखंडी बूट आहेत. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका. खालच्या पट्टीखाली बोटभर जाडीची फळी सरकवा, बुटांचे नट सैल करा, बूट जमिनीला टेकले की दोन्हीकडे सारखे आवळा. एक वर, एक खाली राहिला तर यंत्र दारुड्यासारखं तिरकं ओढेल. बर्फ फेकणारं नळकांडं आहे तसं उजवीकडेच राहू द्या. दादाने ते जन्मात डावीकडे वळवलं नाही, आता तिथेच गंजून बसलंय.

पिन घातली की ती निसटू नये म्हणून तिच्या टोकातून ओवलेली तार दोन बाजूंना वाकवा. दादा दोन्ही टोकं एकाच बाजूला वळवायचा. आमचं त्यावरून आयुष्यभर वाजलं.

आणि डबी शोधू नका, वहिनी. दादा बुडाला त्या सकाळी मी तिथेच होतो. मासे धरायला निघताना त्याने ती माझ्यादेखत कोटाच्या खिशात टाकली. ती त्याच्याबरोबरच गेली. दुकानातून नव्या पिना आणा.

काठावर एकट्या जाऊ नका. माया अशीच ठेवा आणि खुशाली कळवत राहा.

तुमचा,
उर्हो


तोइवोला
२६ डिसेंबर

चि. उर्हो भावजींस,
हिल्माचे अनेक आशीर्वाद.

बूट तुम्ही सांगितले तसे बसवले. खडी उडायची थांबली. वादळामुळे दुकान बंद होतं, म्हणून बोल्ट मात्र तसाच ठेवला. रागावू नका. वाट मोकळी झाली, रेमंड थेट दाराशी गाडी लावून उतरला.

नाताळच्या आदल्या दिवशी वाफेच्या न्हाणाची सौना तापवली. आपल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचं न्हाणं झाल्यावर शेवटची वाफ गेलेल्यांसाठी राखली, बाकावर कोरडा पंचा ठेवला, दार नुसतं लोटलं.

काल सकाळी रेमंडने विचारलं, आई, सरोवराकडे वाट कशाला काढलीस? मी बाहेर येऊन पाहिलं. काठापासून सौनाच्या दारापर्यंत यंत्राच्या रुंदीची वाट होती, एकसारखी, कुठे खरवडलेली नाही. यंत्राच्या कोठीसमोर बर्फाला पाऊल लागलेलं नव्हतं. रेमंडने फावड्याने बर्फ ओढून दार उघडलं. ट्रॅक्टर जागेवर होता आणि माझा बोल्ट त्याच्या बैठकीवर ठेवलेला होता. पात्यात मऊ पिन होती. तिच्या तारेची दोन्ही टोकं एकाच बाजूला वळवलेली.

 त्यानंतर डेट्रॉइटचा विषय रेमंडने काढला नाही. आज सकाळीच तो परत गेला.

त्याला एक सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. काल सौनात डबी सापडली, निळी, ओल्या पंच्यात गुंडाळलेली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा जास्त बरं वाटलं.

रेमंड गेल्यावर पुन्हा त्या वाटेवर उभी राहिले. सरोवराकडे तोंड केलं तर उडवलेला सगळा बर्फ डाव्या हाताला पडलाय. नळकांडं तर उजवीकडे गंजलेलं. म्हणजे यंत्र इकडे येत होतं. उजव्या हाताला मूठभरही बर्फ पडलेला नाही, भावजी. परत कोणी गेलेलं नाही.

सौनाच्या दाराला आज आतून कडी आहे, फटीतून दिसते. मी ढकललं नाही. कॉफीचा कप आणि कोरडी लाकडं उंबऱ्यावर ठेवून आले.

तुमचा लोभ माझ्यावर आहेच. आता तो दोघांवर असू द्या.

तुमची,
हिल्मा वहिनी