उंचीचा पगार

मी, पंजाबराव किसन भोपळे, वय वर्षे बेचाळीस, राहणार नांदुरा, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी आणि पोस्टातली शिल्लक पत्नी अन्नपूर्णाबाई हिला. यात कोणी नाक खुपसू नये.

कलम २. माझे कॅनव्हासचे बूट इथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या शेठना परत करावेत. बुटांना भोके आहेत. ती मी पळून पाडली आहेत. खामगावच्या जिनिंगशी चढाओढ म्हणून शेठनी बास्केटबॉलचा संघ पोसला. कागदोपत्री आम्ही कोणी फिटर, कोणी चौकीदार. काम एकच, चेंडू जाळीत घालणे. शेठ खुर्चीवर असले की पाचातले चौघे जीव तोडून पळत. शेठ पान थुंकायला उठले की त्यातले तिघे लगेच बुटाची नाडी बांधायला बसत. मी मात्र तेव्हाही पळत असे. हाडे झिजवली तरी पगार तेवढाच, हे कळत असूनही पळत असे. त्याचे कारण इंद्रभान.

कलम ३. इंद्रभान सखाराम जुमळे हा संघात सर्वांत उंच आणि सर्वांत आळशी. एका जागी उभा राहून हात वर केला की चेंडू आपसूक जाळीत. "पळ ना बे," म्हटले तर म्हणे, "शेठनं मले उंचीचा पगार देल्ला, पळाचा नाही." लोक टाळ्या त्यालाच वाजवीत. माझ्या अंगाचा तिळपापड होई. खामगावकरांना हरवावे असे मला फारसे कधी वाटले नाही. इंद्रभानला हरवावे असे रोज वाटे, आणि तो तर माझ्याच बाजूने खेळत होता.

कलम ४. स्टेशनमागची तीन गुंठे जागा. १९६१ च्या अंतिम सामन्यात आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू माझ्या हातात, दोघे मला आडवे, आणि इंद्रभान जाळीखाली मोकळा, हात वर. मी त्याला पाहिले. चेंडू दिला नाही. स्वतःच फेकला, तो फळीला लागून बाहेर गेला आणि आम्ही हरलो. शेठ नेमके तेव्हा पान थुंकायला उठले होते; त्यांनी जाब विचारला तेव्हा मी म्हणालो, "इंद्रभान पुढे आलाच नाही." आळशी म्हणून त्याची ख्याती होतीच, सर्वांना पटले. त्याची नोकरी गेली. मेहनती खेळाडू म्हणून ही जागा शेठनी मला दिली. तो सहा वर्षे स्टेशनसमोर केळी विकतो आहे आणि मी तिकडून जाणे टाळतो. मला लाज वाटते.

ही जागा इंद्रभानला द्यावी, आणि हे कलम जिनिंगच्या फाटकासमोर मोठ्याने वाचावे. पत्नी म्हणते, "अवो, जागा द्या, पन कारण काऊन लेहून राह्यले? मी गावात तोंड कसं दाखवू?" तिची माफी मागतो. कारण खोडणार नाही.

जागा घेणाऱ्याची साक्ष नको, असे वकील म्हणाले. म्हणून इंद्रभानला नुसते वाचून दाखवायला घरी बोलावले. त्याने सगळे ऐकले. रागावला नाही. म्हणाला, "चेंडू देल्ला नाही, थे मले तवाच समजलं होतं. पन मी जाळीखाली पोचलो कसा, थे काऊन नाही लेहलं? पळालो होतो बे, पंजाब. त्या दिवशी मी पळालो होतो."

कलम ५. (आत्ता वाढवले.) इंद्रभान जुमळे त्या दिवशी पळाला होता. माझ्यापेक्षा जोरात.

मृत्युपत्र करणार: पंजाबराव किसन भोपळे

आमच्यादेखत वाचले, वाढवले व सही केली:
१. रंगराव महादेव घाटे, किराणा दुकानदार
२. वामनराव गणपत वसतकार, शेतकरी

नांदुरा, दिनांक २२ फेब्रुवारी १९६८