पुराव्यासाठी कॅमेरा

२ फेब्रुवारी, रविवार
ठरलं. शिमग्याआधी चांगला डिजिटल कॅमेरा घेणार. शौक म्हणून नाही, पुरावा म्हणून. सहाणेच्या चौथऱ्यावरून देवीची पालखी उचलताना पहिला खांदा आमच्या घरचा, हा मान आप्पांच्या आजोबांपासून चालत आलाय. गेल्या वर्षी भागोजी अख्ख्या गावासमोर म्हणाला की पहिला खांदा त्याने दिला. गावातल्या निलेशने मोबाइलवर काढलेला फोटो बघितला, तर त्यात गुलाल आणि कुणाचं तरी कोपर. कोपर माझंच होतं. भागोजी म्हणतो त्याचं. निर्लज्ज माणूस.

आप्पांनी हे फार मनाला लावून घेतलंय. वर्षभर ओटीवर बसून तेच तेच. या वयात बापाला खाली मान घालायला लागू नये, म्हणून हा खर्च.

बजेट बारा हजार. दर्शनाने गीझरसाठी बाजूला ठेवलेले. ती म्हणाली, मोबाइल आहे ना. हे वाक्य या घरात परत ऐकून घेतलं जाणार नाही. काटकसर म्हणून माझा हॉटेलातला चहा-वडा आजपासून बंद.

५ फेब्रुवारी, बुधवार
पतसंस्थेत हाफ डे टाकून लांज्याहून रत्नागिरीला गेलो. पहिल्या दुकानदाराने बजेट ऐकून कॅमेऱ्याची बॅग दाखवली. नुसती बॅग. दुसऱ्याने विचारलं, काका, तुमचा मोबाइल कुठला? तिथून तडक बाहेर पडलो. रागाने भूक लागते. दोन वडे, एक चहा. हॉटेल लांज्यातलं नव्हतं, त्यामुळे संकल्प मोडलेला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
मिळाला! सुलेमानभाईंचा मुलगा रय्यान कुवेतहून नवा घेऊन आलाय, त्याचा जुना मी घेतला. अशी काही घासाघीस केली की सुलेमानभाई बारावर आले. बॅटरी मेलेली होती, नवी वेगळी घ्यावी लागली, पण ती कॅमेऱ्याच्या खर्चात धरायची नाही. रय्यान म्हणाला, चाचा, ऑटोवरच ठेवा. म्हणजे मला काय समजतो हा? ऑटोवर कोणीही काढेल.

२३ फेब्रुवारी, रविवार
शिमग्याची बैठक. मी उभा राहून ठराव मांडला: यंदापासून मानाचा वाद झाला तर फोटो प्रमाण. गावचे प्रमुख म्हणून गावकरांनी लगेच मान्य केलं. भागोजीने पण मान हलवली. घाबरलाय.

रात्री दीपकचा मुंबईहून फोन. रजा टाकू का, म्हणाला. धाकटा भाऊ असला तरी अजून सगळं विचारून करतो. त्याला सांगितलं, तुझी काही गरज नाही, खांद्याला मी आहे. तुला फोटो पाठवतो.

२ मार्च, रविवार
सराव. कोंबड्यांचे फोटो काढले. कोंबड्या हलतात. फणसाचा छान आला, पण मनस्वी म्हणते त्याच्यामागचा गोठा जास्त छान आलाय. पोरीला कलेतलं कळत नाही. आईवर गेली आहे.

९ मार्च, रविवार
दर्शनाने जेवताना विचारलं, तुम्ही खांदा दिलात तर फोटो कोण काढणार? असा संताप आला की ताटावरून उठलो. बाईमाणसाला ऐन वेळी फाटे फोडायची सवयच असते.

मागीलदारी फेऱ्या मारताना उत्तर सापडलं. टायमर! दहा सेकंद. सहाणेसमोरच्या दगडी कुंपणाच्या गडग्यावर कॅमेरा, बटण, उडी, धाव, खांदा. आत येऊन शांतपणे जेवलो. दर्शना म्हणाली, मी दाबते ना बटण. बारा हजारांची वस्तू अशी कुणाच्याही हातात देता येत नाही.

१४ मार्च, शुक्रवार
लिहायची इच्छा नाही. फक्त नोंद म्हणून लिहितो.

गावकरांनी हाक दिली, आप्पाच्या घरचा खांदा कोण? मी गडग्यावरून हात केला की एक मिनिट, फोकस होतोय. दुसरी हाक. बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला, मी उडी टाकली आणि गडग्याच्या दोन चिऱ्यांच्या फटीत पाय अडकला. ढोल वाजत होते. देवी काय माझ्यासाठी ताटकळणार? भागोजी पुढेच हात जोडून उभा होता, गावकरांनी त्यालाच खूण केली.

यात माझी चूक शून्य. गडगा धड रचलेला नाही. गडगा कुणाचा? भागोजीच्या चुलत्याचा. यावरून काय ते समजावं.

१६ मार्च, रविवार
फोटो उत्तम आलाय. हे मान्य करावंच लागेल. पालखीच्या झालरीचा धागा न् धागा दिसतो. पुढच्या दांड्याखाली भागोजी, कपाळावरचा घाम मोजून घ्यावा इतका स्पष्ट. मनस्वीने मला न विचारता गावाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. निलेशने लिहिलं, याला म्हणतात कॅमेरा.

गावकर सकाळी घरी आले. तुमचाच ठराव, म्हणाले. फोटो प्रमाण. पुढच्या वर्षीपासून पहिली हाक भागोजीच्या घराला. मी पुष्कळ बोललो. ते चहा पिऊन गेले. भागोजीचा निरोप आला की मोठी प्रिंट काढून द्या, पैसे देतो. दीपकचा मेसेज: तू होतास ना तिथे? उत्तर दिलेलं नाही.

दुपारी आप्पांनी कॅमेरा मागून घेतला. चष्मा पुसून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बरा आयलाय. आता ह्येच्यात आपल्या घरचा कोन हाय, ता दाखव."

मी दाखवलं. खाली उजव्या कोपऱ्यात, गडग्याच्या कडेला, चप्पल निसटलेला एक पाय आहे. तो आपला.

आप्पांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि आत जाऊन पडले. जेवले नाहीत. मला भयंकर राग आलाय. कुणाचा, ते दुपारपासून शोधतोय.