दोन नावांच्या बाईस एक न धरण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
सह्यकाठ आरोग्यविज्ञान संस्था,
पुणे.

दिनांक : १५ नोव्हेंबर २०२१

अर्जदार : संजीव विनायक कारखानीस, रॉटरडॅम, नेदरलँड्स.

विषय : साथरोगशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी माझ्या पत्नीचे दोन नावांवरील शोधनिबंध एकत्र न मोजण्याबाबत.

संदर्भ : पतीचे प्रतिज्ञापत्र मागणारे आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, माझी पत्नी डॉ. सौ. निशिगंधा संजीव कारखानीस हिने सदर पदासाठी आपल्याकडे अर्ज केला आहे. पुण्यात असताना डेंग्यूवर लिहिलेले तिचे निबंध कु. प्रांजली अरुण देवस्थळी या माहेरच्या नावावर आहेत, तर इथे येऊन कोरोनावर लिहिलेले सासरच्या नावावर. दोन्ही मिळून मोजले तरच ती आपल्या अटीत बसते. ही दोन्ही नावे एकाच बाईची, असे मी लिहून द्यावे, अशी आपली मागणी आहे. त्याबाबत माझे म्हणणे असे :

१. निशिगंधा हे नाव मी ठेवले. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मीच ते लिहिले. आपले पेपर जुन्या नावावर आहेत असे ती तेव्हा पुटपुटली होती, त्यावर आता पेपर कसले, पोळ्या लाट, असे माझी मावशी म्हणाली आणि सगळा मांडव हसला. मीही हसलो. हसण्यासारखेच होते ते.

२. ती नेदरलँड्सला आली ती माझ्या व्हिसावर. लॉकडाऊनमध्ये मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बंदरातल्या कंटेनरांचे सॉफ्टवेअर सांभाळत होतो आणि बाईसाहेब अख्खी बेडरूम अडवून वृद्धाश्रमांतल्या मृत्यूंचे आलेख काढत होत्या. तो निबंध गाजला. दोन हजारांवर संशोधकांनी त्याचा दाखला दिला आणि दर दाखल्यात कारखानीस छापून आले. नाव मी दिलेले, आडनाव माझे, मान मात्र तिचा! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शेजारचा डच म्हातारा मला डॉक्टरीणबाईंचा नवरा म्हणून हाक मारतो. हे मी का सोसावे?

३. यंदा मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, तिचे वडील पुण्यात वारले. विमाने बंद होती. अंत्यसंस्कार तिने मोबाईलवर पाहिले आणि नंतर दार लावून पुढच्या निबंधाच्या दुरुस्त्या करत बसली. मी बाहेरून फक्त जेवायचे काय एवढेच विचारले. माणसाला भूक लागते, महोदय. एवढ्यावरून बाई आमच्या मुलीला, चैत्रालीला, घेऊन डेल्फ्टला वेगळी राहू लागली. मुलीला मराठी चांगले समजते, तरी फोनवर मला डचमध्येच उत्तरे देते. आईचीच शिकवण, दुसरे काय!

४. आता तिला कायमचे पुण्याला परतायचे आहे. आई एकटी पडली आहे, रात्री घाबरते, म्हणे. त्यासाठी ही नोकरी हवी आणि नोकरीसाठी माझी सही. परवा ती दारात येऊन उभी राहिली, मास्कसुद्धा काढला नाही. घरी परत ये, लगेच सही करतो, असे मी मोठ्या मनाने सांगितले. ती नको म्हणाली. रडली नाही, भांडलीही नाही. सायकल घेऊन स्टेशनकडे निघून गेली. ठीक आहे. मग प्रांजली देवस्थळी नावाची कोणतीही बाई माझ्या ओळखीची नाही.

५. तिची आई लिहून द्यायला तयार आहे असे समजते. परंतु आपल्या नियमात वडील अथवा पती एवढेच आहे, आई नाही. नियम उत्तम आहे. कृपया तो कोणासाठीही वाकवू नये.

सबब विनंती की, दोन्ही नावांचे निबंध वेगवेगळे मोजावेत, दोन्ही बायांना अपात्र ठरवावे आणि तसे त्यांना एकाच पाकिटात कळवावे. वरील मजकूर केवळ माहितीस्तव आहे. त्यास प्रतिज्ञापत्र समजू नये.

आपल्या नियमांचा आदर करणारा,

(सही)
संजीव विनायक कारखानीस

सोबत :
१. विवाह नोंदणीचा दाखला (पती मीच, याचा पुरावा).
२. कै. अरुण देवस्थळी यांच्या मृत्यूचा दाखला (सही करू शकणारे दुसरे कोणी उरले नाही, याचा पुरावा).