पंपावरचा गुलाबी रंग

प्रिय वन्सं,

त्या सकाळी मी कपडे भिजत घालत होते. तुमच्या भावाचा शर्ट बादलीत टाकणार, एवढ्यात खिशात काहीतरी टणक हाताला लागलं. काढून बघते तर माझी नेलपॉलिशची बाटली! भाचीच्या लग्नासाठी घेतलेली, गुलाबी, जन्मात दोनदा लावलेली. झाकण वाकडं बसलेलं आणि खिशाला हा एवढा डाग. मी तशीच ओल्या हातांनी मागच्या दारी गेले आणि विचारलं, कुणाची नखं रंगवून आलात? तर म्हणाले, "ट्रकची," आणि दात घासत राहिले. मी हसले. डाग घासला, गेला नाही. मग दूध तापवलं, भांडी घासली, पाणी भरलं आणि विसरून गेले. तुम्ही त्यांच्या ट्रकला जोर यावा म्हणून डिझेलचा पंप वाढवून दिलात त्याला तेव्हा चार दिवस झाले होते. हे चार दिवस ध्यानात ठेवा.

दीड वर्षाने पत्र लिहितेय आणि सुरुवात धुण्याने करतेय, पण बातमी ऐकाल तर खुर्चीत नीट सरकून बसाल. मी ट्रकच्या पंपाला हात लावला. मी! रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकलेली तुमची भावजय. पाना कुठला आणि पकड कुठली, हे मला लग्नानंतर दहा वर्षं कळत नव्हतं.

झालं असं, की अपघातानंतर ट्रक दुरुस्त होऊन आला तेव्हापासून तो चालवायला एक ड्रायव्हर ठेवलाय. सगळे त्यांना मामा म्हणतात. माणूस सरळ आहे, पण रोज संध्याकाळी एकच रडगाणं. "वहिनी, तुमची गाडी चढ चढत नाही. चढाला नमस्कार करते आणि उभी राहते." मला वाटायचं, मामांचाच आळस. वन्संनी स्वतःच्या हाताने पंप वाढवलेला ट्रक चढणार नाही, हे कसं शक्य आहे? शेवटी एक दिवस मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मागे फरशा भरलेल्या. पाण्याच्या टाकीजवळचा चढ आला आणि ट्रक दुसऱ्या गिअरवर आला, मग पहिल्यावर, मग नुसता कण्हायला लागला. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, वर घंटीसुद्धा वाजवून गेला. मामा म्हणाले, "बघितलंत? तो मला रोज भेटतो."

मग मी ट्रकबरोबर आलेलं ते जाडजूड पुस्तक काढलं. तुमच्या भावाने त्याचा उपयोग फक्त कपाटाच्या पायाखाली केला होता. तीन आठवडे वाचलं. कादंबरीत निदान माणसं बोलतात, यात नुसते बाण आणि आकडे. पण वन्सं, पंपाचं प्रकरण मी तीनदा वाचलं, चौथ्यांदा तर हौस म्हणून! एवढासा स्क्रू आत फिरवला की इंजिनाला डिझेल जास्त जातं आणि जोर वाढतो, जरा जास्तच फिरवला की काळा धूर आणि इंजिन तापतं. एवढ्याशा स्क्रूवर एवढा मोठा ट्रक! तुम्ही हे वीस वर्षं करत होतात आणि मी शेजारी बसून तुम्हाला भाजीचे भाव सांगत होते.

रविवारी मामांनी बॉनेट उघडलं, मी चष्मा लावून आत वाकले. पंपावर बोटभर चिखल आणि तेल, दुरुस्तीवाल्यांनी तिकडे हातही लावलेला नव्हता. फडक्याने पुसत गेले आणि खालून गुलाबी रंग निघाला. माझाच गुलाबी! तुम्ही पंप लावला की स्क्रूवर आणि तो आवळणाऱ्या नटावर मिळून लाल नेलपॉलिशची रेघ ओढता, कुणी हात लावला तर कळावं म्हणून. तुमची लाल रेघ होती, पण मोडलेली. लाल रंग लागलेले आटे नटापासून लांब, बाहेर आलेले, आणि मध्ये दोन कोरे आटे. म्हणजे स्क्रू कुणीतरी बाहेर काढला होता, डिझेल कमी केलं होतं. वरून तुम्हाला कळू नये म्हणून गुलाबी थापला होता, लाल आणि गुलाबी यातला फरक बाईला कळतो हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. आणि नटाचे कोपरे पार झिजलेले. पाना हाताशी असताना पकडीने नट सोडणारा माणूस आपल्या घरात एकच होता. "नटाची सालं काढतो हा," असं तुम्हीच म्हणायचात ना?

मी तिथेच बंपरवर बसून एवढी हसले, की मामांना वाटलं मला काहीतरी चावलं. तुम्ही पंप वाढवून दिल्यावर तिसऱ्या संध्याकाळी ते घरी आले, दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, वळणावरून गाडी उडीच मारते गं. चौथ्या दिवशी बाटली खिशात. आणि पाचव्या दिवशी फोनवर तुम्हाला, मी स्वयंपाकघरातून ऐकलंय, "वा ताई, काय ओढतोय ट्रक! पंख लावलेस!" भ्याले होते हो. मोठ्या बहिणीला सांगायची लाज वाटली. हसता हसता मग थोडं रडलेही. ते असं येतं अधूनमधून, आणि जातं.

डोळे पुसले आणि पाना घेतला. हो, पानाच! अर्धा फेरा आत दिला. मामा हवा जाते तिथे फळी धरून उभे, कारण इंजिन बेफाम झालं तर हवा कोंडून बंद करायचं असं पुस्तकात आहे. काही नाही झालं. आणखी अर्धा दिला आणि इंजिन असं गरजलं, की मामांनी फळी टाकून उडी मारली आणि वर मलाच म्हणाले, "घाबरू नका!" पाव फेरा मागे घेतला, गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग दुसऱ्या स्क्रूने खाली आणला. मग निघालो, पुन्हा फरशा भरून. टाकीचा चढ आला, तिसरा गिअर, आणि वन्सं, ट्रक चढला! तिसऱ्यावरच, शेवटपर्यंत! मी एवढ्या जोरात ओरडले, की मामा म्हणाले, "वहिनी, हळू, माझा पाय ब्रेकवर जातो." सायकलवाला दिसला नाही याचं तेवढं वाईट वाटलं.

आता खरं लिहायचं ते लिहिते. हे गेले त्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "टायर फुटला तो वेगाने, आणि वेग दिला मी." आणि माझ्याकडे बघितलंत. तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. मी पाणी आणायला उठले आणि परत आलेच नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. तुम्हाला ते दिसलं, म्हणून तर तुम्ही त्यानंतर आला नाहीत. दीड वर्ष मी तुम्हाला त्या एका शब्दासाठी ताटकळत ठेवलं. चूक तुमची नव्हती, वन्सं. ट्रक पळतच नव्हता. पळूच शकत नव्हता. टायर फुटला तो टायरच्या कर्माने.

तुमची सून म्हणाली, पंपदुरुस्तीच्या दुकानाचं शटर तेव्हापासून खाली आहे आणि तुम्ही दिवसभर खिडकीशी बसून असता. म्हणून हे पत्र. मी सांगितलेलं तुम्ही मानणार नाही, मला बरं वाटावं म्हणून बोलते असं म्हणाल. पण नट खोटं बोलत नाही आणि तो तुमच्याइतका कुणाला वाचता येत नाही. शिवाय माझं काम कानावरचं, धूर अजून काळाच येतो. नीट मोजून लावायचं यंत्र तुमच्याच दुकानात आहे. मामा चिडलेत, पंपाशिवाय ट्रक म्हणजे दारातली भिंत म्हणतात. म्हणोत. तुम्ही लावून पाठवाल तोपर्यंत उभा राहील. सोमवारी सकाळी मी पंप उतरवला, तो नट, त्यावरचा गुलाबी आणि माझ्या पाऊण फेऱ्यानंतरही उरलेला कोरा आटा तसाच ठेवून फडक्यात गुंडाळला, खोक्यात भुसा भरून बसवला आणि त्याच्यावर ठेवायला हे पत्र लिहायला बसले.

तुमचीच,
भावजय