झाकणात नसलेलं निशाण

मी, किसनराव उकंडराव हिवाळे, वय शहात्तर वर्षे, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हा माझा शेवटचा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाची बळजबरी नाही. दारू मी पीत नाही, आणि हात अजून इतका स्थिर आहे की बायकी घड्याळाचा स्क्रू चिमट्याने एका दमात बसवतो. २००९ साली केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात मी लिहिले होते की माझा धाकटा भाऊ राजकुमार याला माझ्या दुकानातला एक स्क्रूसुद्धा मिळू नये. ते वाक्य आता वाचले की तोंड कडू होते.

एक. राहते घर माझा मुलगा प्रसेनजित व मुलगी पायल यांना निम्मे-निम्मे. दुकान एकट्या पायलचे, कारण गेली नऊ वर्षे ती तिथे बसते आणि कामाला लाजत नाही. दुकानात मोबाइलची कव्हरे विकायचा बेत प्रसेनजितने मला तीनदा ऐकवला आहे. त्याने आपल्या अर्ध्या घरात ती पार मोरीपर्यंत लटकवावीत, माझी हरकत नाही.

दोन. बँकेतली ठेव दोघांना सारखी. माझ्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम साधा करावा. भोंगा लावू नये. त्याची मला आता शिसारी आली आहे, कारण पुढे येईल.

तीन. पायलसाठी सूचना. पन्नास वर्षे मी लोकांच्या मनगटाचा मळ उकरला. घाम, तंबाखू, हळद, शेणसुद्धा. घड्याळ अडखळते म्हणून आत खोबरेल तेल ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि वर तेच विचारतात की इतके पैसे कशाचे. अशांना दुकानाच्या पायरीवर चढू देऊ नये. पेट्रोलने धुतल्यावर घड्याळातली घाण निघते. गिऱ्हाइकाच्या तोंडातली निघत नाही, तिच्या नादी लागू नये.

चार. आता घड्याळाचे. दुकानातल्या काचेच्या कपाटात खिळ्याला लटकवलेले जुने चावीचे मनगटी घड्याळ माझे नाही. ते धाडचे पाटील वामनराव सपकाळ यांचे आहे. जे माझे नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही, म्हणून ते माझ्याकडे का राहिले ते लिहितो.

१९९८ साली मी आणि राजकुमार धाडच्या बाजारात टेबल लावत असू. आमच्या वडिलांनी घालून दिलेली रीत होती की जो घड्याळ उघडेल त्याने मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपले निशाण आणि तारीख कोरायची. माझे 'कि', त्याचे 'रा'. वामनरावांचे घड्याळ दिवसाला नऊ मिनिटे पुढे पळत होते. घड्याळाच्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ती पोलादी असली आणि तिला चुंबक लागले, की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटते. मी विजेच्या पेटीत धरून चुंबक उतरवले, दोन दिवस खिळ्याला लटकवून पाहिले, एका सेकंदाचा फरक नाही. बाजारच्या दिवशी वामनरावांसमोर रेडिओच्या वेळेशी मिळवून त्यांच्या हातात दिले. दुसऱ्या बाजारी ते परत आले. नऊ मिनिटे. पुन्हा चुंबक, पुन्हा दोन दिवस, पुन्हा बरोबर, पुन्हा परत. असे तीनदा झाले.

तिसऱ्यांदा त्यांनी भर बाजारात घड्याळ माझ्या टेबलावर आपटले. "काऊन बे किसन्या, तीन खेप झाल्या. आतला असली माल काढून घेतला न तूनं?" असे म्हणून टेबलाला लाथ घातली आणि घड्याळ तिथेच टाकून निघून गेले. रेडिओ खाली पडला आणि मुका झाला. आतले असली भाग काढून घेतले हा आरोप म्हणजे घड्याळवाल्याच्या तोंडात शेण. पुढच्या बाजारापासून आमच्या टेबलाकडे कोणी फिरकले नाही.

मी काय केले? मला ठाऊक होते की मी काही काढलेले नाही. मग काढले कोणी? त्या टेबलावर दुसरे हात फक्त राजकुमारचे होते. घरी येऊन मी त्याला विचारले नाही, सांगितले की माल तूच काढलास. तो म्हणाला, "दादा, झाकण उघड. माहं निशाण दाखव, मंग मले चोर म्हण."

मी म्हणालो, "चोर निशाण करून जाते काय बे?"

त्याच रात्री तो बायको आणि कडेवरचा मुलगा धम्मरत्न यांना घेऊन तिच्या माहेरी सुलतानपूरला निघून गेला. तिथे लोकांच्या शेतात राबला. त्याच्याइतका हलका हात या जिल्ह्यात दुसऱ्याचा नव्हता, आणि तो हात मी खुरप्याला लावला. मी मलकापूरला आलो. माझी पत्नी भिमाबाई जाईपर्यंत म्हणत होती, "भाऊजीले बोलवा." मी बोलावले नाही. तिच्या अंत्ययात्रेला तो आला, लांब उभा राहिला, पाण्याचा घोट न घेता गेला.

वामनरावांच्या घड्याळाचे चुंबक मी झाकण न उघडता पेटीत धरून पुन्हा उतरवले आणि रोज चावी देऊन ते चालू ठेवले. सत्तावीस वर्षे ते बरोबर चालले. त्याचा अर्थ मी असा लावला की दोष त्यांच्या घरात किंवा त्यांच्या मनगटात असणार. मी अगदी खूश होतो.

या उन्हाळ्यात पायलने माळ्यावरून तो मुका रेडिओ काढला आणि माझ्यासाठी दुरुस्त करून आणला. बातम्या लागल्या. जुन्या सवयीने मी वामनरावांचे घड्याळ रेडिओच्या जाळीवर ठेवले, नीट ऐकू यावे म्हणून कान लावला, काटे मिळवले आणि घड्याळ खिळ्याला लावले. दुसऱ्या दिवशी ते नऊ मिनिटे पुढे होते.

जाळीच्या मागे, भोंग्यात असतो तसाच, स्पीकर असतो आणि स्पीकरमध्ये चुंबक असते. हे मला माहीत नव्हते असे नाही. रेडिओ म्हणजे खरी वेळ, एवढेच डोक्यात बसले होते. दोन दिवस घासूनपुसून बरे केलेले घड्याळ गिऱ्हाइकाला देण्याआधी मी स्वतः नासवत होतो, तीनदा, त्याच्यासमोर. बाकीच्यांच्या नव्या घड्याळांची स्प्रिंग चुंबक धरत नव्हती, म्हणून मी वाचलो. झाकण उघडले. आत तीन निशाणे आहेत. तिन्ही 'कि'. राजकुमारने त्या घड्याळाला हातही लावला नव्हता. पुरावा सत्तावीस वर्षे माझ्याच कपाटात टिकटिकत होता. लोकांच्या मळाची मला किळस येत आली, पण माझी मला जेवढी आली तेवढी कशाचीच आली नाही.

मी सुलतानपूरला फोन केला. धम्मरत्नने उचलला. आत जाऊन आला आणि म्हणाला, "मोठेबाबा, बाबा इचारून राह्यले, झाकण पाह्यलं काय?"

मी म्हणालो, "पाह्यलं." धम्मरत्नने ते आत सांगितले. मग फोन बंद झाला. त्यानंतर कोणी उचलत नाही, म्हणून हा कागद.

पाच. माझ्या अवजारांपैकी वडिलांचे भिंग, निशाणाची सुई आणि चुंबक उतरवायची पेटी राजकुमारला द्यावी. बाकी सर्व पायलचे. तिची संमती आहे. पायलने धाडच्या बाजारात, जिथे आमचे टेबल असे तिथे उभे राहून, कलम चार मोठ्याने वाचावे. भोंगा नको, तिचा आवाज पुरेसा आहे.

सहा. वामनरावांचे घड्याळ मी मुद्दाम तसेच ठेवले आहे. ते रोज नऊ मिनिटे पुढे पळते. त्याचे चुंबक पायलने उतरवू नये, मीही उतरवणार नाही. ते राजकुमारने उतरवावे, झाकणात आपले निशाण कोरावे आणि घड्याळ मालकाला द्यावे. झाकणात जागा आहे, मोजून पाहिली आहे. तो नाही म्हणाला तर कोणी त्याच्या मागे लागू नये. घड्याळ पळू द्यावे.

साक्षीसाठी मी वामनरावांनाच बोलावले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, जीपने आले. हा कागद त्यांनी दोनदा वाचला. "मी गावभर चोर म्हणत फिरलो," ते म्हणाले.

मी म्हणालो, "पाटील, तुमी गावात म्हटलं. म्या घरात म्हटलं."

ते घड्याळ खिशात घालू लागले. मी हात धरला आणि कलम सहा पुन्हा वाचायला दिले.

सही: किसनराव उकंडराव हिवाळे
ठिकाण: मलकापूर. दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणाराने आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार १: जनकाबाई निवृत्ती वाघ, शेजारीण, सेवानिवृत्त परिचारिका, मलकापूर.

साक्षीदार २: वामनराव सपकाळ, धाड. माझ्या घड्याळातला माल कोणी काढला नव्हता. घड्याळ मी आज नेले नाही. राजकुमारच्या हातून मिळाले तरच घेईन, नाहीतर नको. उद्या सुलतानपूरला मी स्वतः जात आहे.